वाचकांचे प्रश्न : गाठीचा तुकडा मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंत पोचवताना

प्रश्न : तोंडाच्या कर्करोगावर पीएच.डी. करते आहे. गाठीचे २४ आणि त्याच रुग्णांच्या शेजारच्या निरोगी भागाचे २४ तुकडे उणे ८० अंशांवर ठेवले आहेत. मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजून ते ओळखणारं मशीन) प्रथिनांचा अभ्यास करण्यासाठी ते बाहेरच्या सामायिक प्रयोगशाळेला द्यायचे आहेत. तुकडेच पाठवू, की रिपा बफरमध्ये (पेशी फोडून प्रथिने विरघळवणारे द्रावण) प्रथिने काढून पाठवू?
— संशोधक विद्यार्थिनी, मेडिकल चौक

उत्तर : रिपा नको. वेस्टर्न ब्लॉटला (प्रतिपिंडाने एखादं प्रथिन शोधण्याची चाचणी) ते छान चालतं, पण त्यात एसडीएस असतं आणि एनपी-४० किंवा ट्रायटनही असतं; ही सगळी डिटर्जंट. एसडीएस पेप्टाइडचा (प्रथिनाच्या कापलेल्या तुकड्याचा) सिग्नल दाबून टाकतं. ट्रायटनच्या पॉलिमरची शिखरं आलेखात वजनाच्या दर ४४ एककांवर रांगेने उभी राहतात आणि खरी पेप्टाइडं त्यांच्याखाली गाडली जातात. शिवाय हे डिटर्जंट कॉलमला (पेप्टाइडं वेगळी करणाऱ्या नळीला) चिकटून बसतं आणि तुमच्यामागून येणाऱ्यांच्या नमुन्यांतही उतरतं. म्हणूनच प्रयोगशाळेच्या फॉर्मवर बफरमधला एकूण एक घटक विचारलेला असतो. तो रकाना खरा भरा. रिपामध्ये काही नमुने आधीच काढून झाले असतील तर फेकू नका. चौपट थंड ॲसिटोन घालून उणे २० अंशांवर रात्रभर ठेवा, बरंचसं डिटर्जंट निघून जातं.

नवे काढायचे तर ८ मोलर युरिया, ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये, त्याच दिवशी बनवलेला. युरिया विरघळताना भांडं गार पडतं, मग घाईने ते हॉट प्लेटवर ठेवलं जातं. इथेच घात होतो. तापलेल्या युरियातून सायनेट तयार होतं, ते लायसिनला (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) आणि प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला चिकटतं. मग ट्रिप्सिन (प्रथिनाची पेप्टाइडं करणारं विकर) त्या लायसिनला कापत नाही. ३७ अंशांच्या वर जाऊ नका. नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत टेबलावरच ही मर्यादा ओलांडली जाते, हेही ध्यानात असू द्या.

१० मिलिग्रॅम तुकड्यातून साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम प्रथिन मिळतं. मशीनमध्ये एका वेळी जेमतेम १ मायक्रोग्रॅम जातं, तरी पुन्हा चालवावं लागलं तर असावं म्हणून ५० मायक्रोग्रॅम द्या. पुढची पद्धत अशी : प्रथिनातले गंधकाचे बंध तोडायला ५ मिलिमोलर डीटीटी, ३७ अंशांवर एक तास, मग ते पुन्हा जुळू नयेत म्हणून १५ मिलिमोलर आयोडोॲसिटामाइड, अंधारात अर्धा तास. त्यानंतर युरिया १ मोलरच्या खाली येईपर्यंत बफर घाला, नाहीतर ट्रिप्सिन नीट चालत नाही. ट्रिप्सिन वजनाने ५० ला १, रात्रभर. सकाळी फॉर्मिक ॲसिडने पीएच ३ च्या खाली आणा, सी-१८ च्या छोट्या कॉलमवर क्षार धुवा आणि वाळवा. हातमोजे सतत घाला. आपल्या कातडीचं केराटिन हे प्रथिन प्रत्येक नमुन्यात डोकावतं, आणि तोंडाच्या आतल्या अस्तरात स्वतःचीही केराटिनं असल्यामुळे तुमच्या बाबतीत घोटाळा दुप्पट. हे आधी कधी केलं नसेल तर थेट २४ जोड्यांना हात घालू नका. दोन जोड्या करून पाठवा, निकाल बघा. किंवा तुकडेच द्या आणि पचनाचं (ट्रिप्सिनने कापण्याचं) शुल्क भरा.

आता न विचारलेली गोष्ट, कारण इथेच सगळ्यात जास्त अभ्यास बुडतात. मशीनवर आधी सगळ्या गाठी, मग सगळे निरोगी तुकडे, असं करू नका. एका नमुन्याला धुण्यासकट दोन तास धरले तर ४८ नमुन्यांना सलग ४ दिवस लागतात. तेवढ्यात मशीनची संवेदनक्षमता घसरते आणि तुम्हाला सापडलेला ‘फरक’ रोगाचा नव्हे, दिवसांचा असतो. एका रुग्णाची जोडी शेजारी ठेवा, जोड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि तो क्रम प्रयोगशाळेला लेखी द्या.

‘निरोगी’ हा शब्दही जपून वापरा. वर्षानुवर्षं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याच्या गालाचा शेजारचा भागही बदललेला असतो. आणि जिभेचा निरोगी तुकडा म्हणजे बराचसा स्नायू. त्यात मायोसिन हे स्नायूचं प्रथिन जास्त दिसलं तर तो शोध नव्हे. प्रत्येक तुकड्याच्या लगतच्या कापाची स्लाइड पॅथॉलॉजिस्टना दाखवा आणि गाठीच्या पेशी किती टक्के आहेत ते लिहून घ्या.

प्रश्न : सुविधा कुठे शोधायची? आणि उन्हाळ्यात नागपूरहून मुंबईपर्यंत नमुने गोठलेले राहतील का?
— प्रयोगशाळा सहायक, धंतोली

उत्तर : केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर उपकरणं शोधता येतात. पवईच्या आयआयटीत आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या सुविधा आहेत. नमुना काढण्याआधी तिथे बोलून घ्या, नंतर नाही.

ड्राय आइस उणे ७८ अंशांवर असतो. जाड थर्माकोलच्या छोट्या डब्यातूनही दिवसाला ५ किलोच्या आसपास उडून जातो; दोन दिवसांच्या प्रवासाला १५ किलो भरा. निम्मा खाली, निम्मा वर. डबा टेपने हवाबंद करू नका, वायूच्या दाबाने फुटतो. झाकण फिरकीचं हवं. सैल झाकणातून कार्बन डायऑक्साइड शिरून नमुना आम्लधर्मी होतो. सोमवारी पाठवा, शुक्रवारी नको. ट्यूबवर रुग्णाचं नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक. पेप्टाइडं वाळवून पाठवणार असाल तर ही सगळी कटकट वाचते, साधे बर्फाचे पॅक पुरतात.

प्रश्न : पॅथॉलॉजीतले जुने पॅराफिन ब्लॉक चालतील का?
— निवासी डॉक्टर

उत्तर : चालतील. १० मायक्रॉनचे तीन-चार काप, झायलीनने पॅराफिन काढा, मग फॉर्मेलिनचे बंध सुटावेत म्हणून ९५ अंशांवर तासभर. हे युरियात करू नका, कारण वर आलंच आहे. फॉस्फोरिलेशनचा (प्रथिनांना फॉस्फेट जोडलं जाण्याचा) अभ्यास मात्र या ब्लॉकवर नको. तुकडा फॉर्मेलिनमध्ये जाईपर्यंत हे फॉस्फेट बदलत जातं, आणि त्यात किती वेळ गेला हे बहुतेकदा नोंदलेलंच नसतं. नैतिक समितीची मंजुरी जुन्या ब्लॉकलाही लागते.

प्रश्न : वडिलांच्या तोंडात पांढरा चट्टा आहे. अशा मशीनवर त्यांची तपासणी पैसे भरून करता येईल का?
— एक वाचक, महाल

उत्तर : नाही. ही सेवा संशोधनासाठी असते. तिथला निकाल एका रुग्णाचं निदान ठरवत नाही. चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नसेल तर दंतवैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत दाखवा. गरज वाटली तर ते बायोप्सी करतील. खर्रा खात असतील तर किती वर्षं आणि दिवसाला किती पुड्या, ते वडिलांना तिथे खरं सांगायला लावा.