शेपटीचं वजन नाकात शिसं घालून फेडू नका

प्रश्न (एक वाचक, सेलू, जि. परभणी): मॅडम, नमस्कार. मी ५ मिलिमीटरच्या फोम शीटचं, एक मीटर पंखांचं, रिमोटवर उडणारं प्रोफाईल (सपाट बॉडीचं) ॲरोबॅटिक, म्हणजे कसरतीचं विमान बनवलं आहे. वजन ४८० ग्रॅम, मोटर २२१२, बॅटरी तीन सेलची १३०० एमएएच. उतरताना ते बांधावर आपटलं आणि पंखाच्या मागे बॉडी मोडली. एपॉक्सी आणि आइस्क्रीमच्या काड्या लावून जोडली, जोडाचं वजन १८ ग्रॅम भरलं. आता एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीला) रिमोटवरून जरा हात लावला की नाक उसळतं. लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ मारलं तर विमान डावीकडे कलत बाहेर निघतं. सोबतचे म्हणतात, नाकात शिसं घाल. किती घालू?

उत्तर: अजिबात घालू नका. जोडामुळे शेपूट जड झाली, म्हणून नाक उसळतं. तुम्ही जोड वजन करून पाहिलात याचा मला फार आनंद झाला, कारण आता हिशेब मांडता येतो. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवताना मी हाच हिशेब आधी फळ्यावर मांडायचे आणि मगच हातात गोंद द्यायचे.

तुमचा जोड गुरुत्वमध्याच्या, म्हणजे सीजीच्या मागे साधारण ३० सेंटिमीटरवर असेल असं धरते. १८ गुणिले ३० म्हणजे ५४०. नाकाचं टोक सीजीपासून २२ सेंटिमीटर पुढे असेल, तर तोल साधायला तिथे २५ ग्रॅम शिसं लागेल. म्हणजे जोडाचे १८ आणि शिशाचे २५ मिळून ४३ ग्रॅम, मूळ वजनाच्या नऊ टक्के! प्रोफाईल विमानाचा सगळा जीव हलकेपणात आहे. ते जड झालं की हळू उडत नाही, हॅरियर करताना, म्हणजे नाक वर धरून हळू उडताना पंख डुलतात आणि पुढच्या वेळी आपटलं की जास्त मोडतं.

तुमची बॅटरी ११० ग्रॅमच्या आसपास असणार. तीच ५ सेंटिमीटर पुढे सरकवली तरी तेवढाच तोल साधतो आणि एक ग्रॅमही वाढत नाही. पण माझं मत विचाराल तर त्याच्याही आधी तो जोड काढा. एपॉक्सी फोममधून खरवडून निघत नाही, म्हणून जोडाचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा तिरका काप घेऊन कापून टाका आणि त्याच शीटचा नवा तुकडा तसाच तिरका कापून बसवा. मग बॉडीच्या वरच्या आणि खालच्या कडेला चिरा पाडून ३ मिलिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड कार्बनच्या पट्ट्या बसवा. जोडाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा सेंटिमीटर जाऊ द्या. पट्टी कडेलाच हवी, कारण बॉडी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण कडांवर येतो. मधोमध चिकटवलेली काडी नुसतं वजन वाढवते. २० सेंटिमीटरच्या पट्टीचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असतं. गोंद पातळ लावा आणि बाहेर आलेला लगेच पुसून घ्या. एवढं केलंत तर जोड सहा ग्रॅममध्ये होईल आणि बॅटरी दीडेक सेंटिमीटरच सरकवावी लागेल.

गोंदाबद्दल दोन शब्द. साधं फेविक्विक या फोमला खातं, फोम-सेफ सीए (फोम न खाणारा, फेविक्विकसारखाच झटपट गोंद) वेगळं मिळतं. तेही हवेतल्या ओलाव्यावर वाळतं, म्हणून आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो, घाई करू नका. एपॉक्सीचं उलटं आहे. उन्हाळ्यात दुपारी कालवलंत तर लावायच्या आतच घट्ट होतं. सकाळी कालवा, थोडंथोडंच. ग्लू गन नको, गोंद जड होतो आणि उन्हात मऊ पडतो. कार्बन घासताना पाणी लावा आणि तोंडाला मास्क बांधा. रिसीव्हरची अँटेना कार्बनला चिकटून नेऊ नका, सिग्नल अडतो.

आता लूपचं. मला इथे दोन गोष्टींचा संशय येतो. पहिली, जोडताना बॉडीला पीळ पडला असेल. सपाट बॉडी पिळाला अगदी कमी विरोध करते. विमान टेबलावर ठेवून मागून बघा, शेपटीचा आडवा भाग पंखाला समांतर दिसला पाहिजे. नसेल तर नवा जोड करताना दोन्ही बाजूंना वजनं ठेवून सरळ धरा, आणि वाळल्यावर पंखापासून शेपटीकडे १ मिलिमीटरच्या कार्बन काड्या तिरप्या बांधा. दुसरी गोष्ट प्रोफाईल विमानातच जास्त होते, ती म्हणजे बॅटरी बॉडीच्या एकाच अंगाला असणं. ११० ग्रॅमची बॅटरी मध्यरेषेपासून २ सेंटिमीटर डावीकडे असेल, तर सरळ उडताना एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या हलत्या फळ्यांच्या) ट्रिमने, म्हणजे कायमच्या बारीक झुकावाने, ते झाकलं जातं. लूपमध्ये वजनाचा जोर कितीतरी पटींनी वाढतो आणि जड बाजू खेचली जाते. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि रिसीव्हर दुसऱ्या अंगाला न्या. मग मोटरच्या शाफ्टला आणि शेपटीला दोरा बांधून विमान टांगा. तरी डावा पंख खाली गेला तर उजव्या टोकाला थोडं वजन लावा. काहीच हलवलं नाही तरी तिथे साडेचार ग्रॅम पुरतील, कारण टोक ५० सेंटिमीटर लांब आहे. विमानात वजन वाढवायला माझी परवानगी एवढ्या एकाच ठिकाणी आहे.

सीजी पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा. तुमच्या पंखाची सरासरी रुंदी २२ सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटर. पंख मागे तिरका असेल तर हे माप सरासरी रुंदीच्या जागीच घ्या, बॉडीजवळ नाही. एलिव्हेटरची हालचाल आधी कमी ठेवा. उंची घेतल्यावर ४५ अंशांत वर चढा, विमान उलटं करा आणि एलिव्हेटर सोडून द्या. जमिनीकडे हळूहळू वळलं तर नाक थोडं जड, सरळ गेलं तर छान, आभाळाकडे वळलं तर शेपूट जड. बॅटरी तीन-चार मिलिमीटरनेच सरकवत जा.

आणि ज्वारी काढलेल्या रानात उतरू नका. धसकटं फोम टराटरा फाडतात. परवानगी घेऊन गवताचं माळरान शोधा, आणि उन्हाळ्यात वावटळी उठायच्या आत, सकाळी लवकर उडवा.

प्रश्न (एक आई, जालना): मुलगा असं रिमोटचं विमान उडवतो. बॅटरी पेटते असं ऐकलंय. घरात ठेवू का?

उत्तर: ताई, ठेवा, पण पत्र्याच्या खोलीत नको आणि उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. उडवून आल्यावर चार्जरच्या स्टोरेज मोडवर लावायला सांगा, दर सेलला ३.८ व्होल्ट. चार्जिंग फरशीवर, कोणीतरी जागं आणि समोर असताना. बॅटरी फुगलेली दिसली तर ती कितीही नवी असो, वापरायची नाही. मुलाला हेही सांगा की विमानतळाच्या जवळ उडवायचं नाही, आणि मोकळ्या भागातही १२० मीटरच्या वर जायचं नाही.