पॅरिश कौन्सिलवर जावं का?

इंग्लंडमधल्या तुमच्या गावात पॅरिश कौन्सिलची, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेची, जागा रिकामी आहे, पासपोर्ट भारतीय, चर्चशी संबंध नाही, तरी अर्ज करू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा. मी सात वर्षं हे काम करतेय.

नावात पॅरिश, म्हणजे मुळात एका चर्चचा परिसर, असलं तरी 1894 च्या कायद्याने गावचा कारभार चर्चपासून वेगळा झाला. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) असेल तर पासपोर्टची अडचण नाही. गावच्या मतदारयादीत नाव असलं की झालं. ते नसेल तर गावात किंवा तीन मैलांच्या आत वर्षभर राहिलेलं असलं तरी चालतं. दहा मतदारांनी मुदतीत निवडणूक मागितली नाही, तर कौन्सिलच तुम्हाला घेऊ शकतं. पगार नसतो.

आता जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं ते. एकट्या कौन्सिलरला कसलाही निर्णय घेता येत नाही. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात शाळेजवळच्या उतारावर एक आजी घसरल्या, मनगट मोडलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगून आले, तिथे बर्फावर टाकायच्या मिठाची पेटी बसवून देते. बैठकीत विषय काढला तर कौन्सिलचं कामकाज बघणाऱ्या क्लार्क म्हणाल्या, अजेंड्यावर नाही, आज ठराव होणार नाही. अजेंडा बैठकीआधी पूर्ण तीन दिवस लागलेला असावा लागतो. पुढच्या बैठकीत ठराव झाला, पण रस्ता काउंटीचा, म्हणजे वरच्या कौन्सिलचा, म्हणून त्यांची परवानगी. पिवळी पेटी बसली तेव्हा मार्च उजाडला होता, बर्फ संपला होता. आजींना दिलेला तो शब्द मला अजून टोचतो. तेव्हापासून मी गावात कुणाला ‘करते’ म्हणत नाही, ‘अजेंड्यावर घेते’ म्हणते.

क्लार्कना धरून राहा. आपल्याकडच्या ग्रामसेवकासारखंच पद: पगारी, नियम माहीत असलेलं, बहुतेक ठिकाणी हिशेबही त्यांच्याकडेच. पण त्या बऱ्याचदा अर्धवेळ असतात, हे लक्षात ठेवून ईमेल करा.

लोक खड्ड्यांपासून कचऱ्यापर्यंत सगळं तुम्हालाच सांगतील. ते वरच्या कौन्सिलांचं काम. पॅरिशकडे मैदान, बाकं, बसथांबा, अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे) असं. पैसा प्रिसेप्टमधून, म्हणजे कौन्सिल टॅक्सबरोबर (आपल्या घरपट्टीसारखा कर) गावकऱ्यांकडूनच येतो. तो हिवाळ्यात ठरतो, ती बैठक चुकवू नका.

खरी ताणाताणी प्लॅनिंगवर, म्हणजे बांधकामाच्या परवानग्यांवर होते. परवानगी आपण देत नाही, मत कळवतो. ‘घरांच्या किमती उतरतील’ हा मुद्दा धरला जात नाही. वाहतूक, पाण्याचा निचरा, शेजाऱ्याच्या घरात थेट नजर जाणं, हे धरलं जातं. म्हणून कागद वाचून झाले की जागेवर चालत जा. आमच्याकडे एका वसाहतीच्या नकाशात ओढा बारीक रेघेएवढा होता. फेब्रुवारीत मी तिथे गेले तर वेलिंग्टन बुटांच्या वर पाणी. तारखेसकट फोटो जोडले आणि बिल्डरला निचऱ्याचा आराखडा बदलावा लागला. भाषा अडेल ही भीती असेल तर ती सोडा, त्या दिवशी फोटोच बोलले.

अर्जाआधी घरात एक बोलून घ्या. सदस्य झाल्यावर 28 दिवसांत हितसंबंधांचा फॉर्म भरावा लागतो. त्यात जोडीदाराची नोकरी आणि गावातली मालमत्ताही येते, आणि तो लोकांना पाहता येतो.