अलीकडचं कोणतं संशोधन तुम्हाला मनापासून भावलं, आणि त्यात आपल्याकडच्या लोकांचं नेमकं काम काय होतं?

माझं उत्तर खोडदची दुर्बीण. मी नारायणगावच्या जवळ राहते, अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण) हे कागदावरचं नाव. बोलताना आम्ही 'दुर्बीण' एवढंच म्हणतो. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर पार २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या.

२९ जून २०२३ ला अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की विश्वात अतिशय संथ गुरुत्वीय लहरींची, म्हणजे खुद्द अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींची, सतत गुणगुण चालू असल्याचा पुरावा मिळतो आहे. युरोपच्या गटासोबत भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांचा गट होता, आणि त्यांच्या नोंदी खोडदच्या होत्या.

२०१५ साली अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रणेने जी लहर पकडली, ती सेकंदभरही टिकली नव्हती. या नव्या लहरींचं तसं नाही. एक लाट पुरती जायला काही वर्षं लागतात. अशा लहरीसाठी जमिनीवर यंत्र बांधणं अशक्य, म्हणून शास्त्रज्ञांनी आकाशातली घड्याळंच वापरली: पल्सार, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान जेमतेम वीसेक किलोमीटरच्या गोळ्यात कोंबलेलं, आणि तो गोळा सेकंदाला शेकडो वेळा फिरतोय. दर फेरीला रेडिओचा एक ठोका पृथ्वीवर येतो. वाटेतलं अवकाश लहरीमुळे ताणलं किंवा आकसलं, की ठोका किंचित उशिरा किंवा लवकर पोचतो. किंचित म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ठोका उशिरा यायला दुसरीही कारणं असतात. ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही, तिथे विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत. त्यांच्यातून येताना रेडिओ लहर रेंगाळते, आणि वारंवारिता जितकी कमी तितकी जास्त रेंगाळते. पृथ्वी आणि पल्सार दोन्ही सरकत असतात, त्यामुळे हा उशीर महिन्यामहिन्याला बदलतो. तो नीट वजा केला नाही, तर इलेक्ट्रॉनांचा खेळ गुरुत्वीय लहर म्हणून खपून जाईल. आता कमी वारंवारितेला हा उशीर मोठा दिसतो, म्हणजे तिथेच तो अचूक मोजता येतो. आणि कमी वारंवारिता हीच खोडदची ताकद. युरोपकडे सुमारे २५ वर्षांच्या, २५ पल्सारच्या नोंदी होत्या. त्यांना ही जोड मिळाली. बातम्यांत 'विश्वाचं संगीत' भरपूर आलं, पण या वजाबाकीबद्दल मला कुठे ओळभरही वाचायला मिळालं नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं ती केली, त्यांचं मला फार कौतुक वाटतं.

ही लहरच आहे हे कशावरून? पल्सारच्या जोड्या लावतात. आकाशात जवळजवळ असलेल्या दोघांचे ठोके एकाच बाजूला चुकायला हवेत, काटकोनाच्या आसपास असलेल्यांचे उलट दिशांना. हे गणित हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच मांडून ठेवलं होतं. नोंदींमध्ये तोच नमुना दिसू लागला. तरीही शास्त्रज्ञांनी 'पुरावा' हाच शब्द वापरला, 'शोध' म्हटलं नाही, कारण शोध म्हणायला जी पाच सिग्माची खात्री लागते (म्हणजे हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच), ती अजून आली नव्हती. लहरींचा उगम म्हणून एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांकडे बोट दाखवलं जातं, पण तेही सिद्ध झालेलं नाही. विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते.

एकदा विज्ञान दिनाला मुलांना घेऊन तबकडीखाली उभी होते. वर पाहिलं तर आरपार निळं आभाळ! एका मुलीने विचारलं, "बाई, ही तर जाळी आहे, सिग्नल गळून जात नाही का?" फार चांगला प्रश्न. पृष्ठभाग पत्र्याचा नाहीच. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरांवर ताणून बसवलेली आहे. कडेच्या भोकांतून बोट आरामात जाईल. पण येणारी लहर वीस सेंटिमीटर ते दोन मीटर लांबीची, तिला एवढ्या भोकांची जाळी सलग आरशासारखीच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्तात झाला. ही युक्ती ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. स्वरूप सर २०२० मध्ये गेले. ही घोषणा त्यांनी ऐकायला हवी होती.

पुण्याहून खोडद साधारण ८० किलोमीटर आहे. २८ फेब्रुवारीच्या सुमारास दुर्बीण लोकांसाठी खुली असते, मुलांना घेऊन नक्की या. मोबाईल मात्र बंदच ठेवा. हजारो प्रकाशवर्षांवरून आलेल्या त्या ठोक्यासमोर खिशातला फोन म्हणजे कानाशी लावलेला कर्णा.