सगळेच काढून टाकू का?

प्रश्न : माझं वय ५२. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते. खालच्या दोन दाढा हलतायत, पुढच्या दातांत फटी पडल्यात. लग्न झाल्यापासून रोज सकाळ-दुपार मिश्री लावते. पण दुखत काही नाही, रक्तही येत नाही. आमचे हे म्हणतात, "वय झाला आता, दातांर कित्याक खर्च करूचो?" शेजारणीने सगळे दात काढून कवळी बसवली, ती मजेत आहे. चतुर्थीला मुलगे-सुना मुंबईहून येतील, त्याआधी मीही सगळेच काढून टाकू का? हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही, उकिडवं बसलं की गुडघे कुरकुरतात. म्हातारपण एकदमच अंगावर आल्यासारखं वाटतं.

उत्तर : ताई, तुम्ही सगळंच म्हातारपणाच्या खात्यावर मांडून ठेवलंय. त्यातली निव्वळ वयाची गोष्ट एकच, सुईदोऱ्याची. चाळिशी उलटली की डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. जवळचा चष्मा लावा, काम भागेल. फक्त तो जत्रेतल्या टपरीवरून उचलू नका. डोळे तपासून घेतलेत की डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदूही त्याच फेरीत बघून होतात. गुडघ्यांत थोडं वय असेल, थोडं वजन, थोडे मांडीचे दुबळे स्नायू. ते हाडांच्या डॉक्टरांना विचारा, माझा प्रांत नव्हे.

माझा प्रांत दात, आणि तिथे मी तुमच्या यजमानांशी भांडणार. वयामुळे दात हलत नाहीत. दातावर रोज एक चिकट थर बसतो, तो निघाला नाही की कडक होऊन त्याचं कीटण होतं. ते हिरडीच्या आत उतरतं, तिथे सूज धरते आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड हळूहळू झिजतं. या सगळ्यात बहुधा दुखत नाही, म्हणून तर माणसं दात हलेपर्यंत थांबतात. सत्तरीत पक्के दात असलेल्या आज्या माझ्याकडे येतात आणि पस्तिशीत दाढा हातात घेऊन आलेले पुरुषही येतात.

रक्त येत नाही याचं समाधान मानू नका. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. एरवी सुजलेली हिरडी ब्रश लागताच रक्त दाखवून बोंब मारते, मिश्रीवालीची गप्प राहते. बाई खुर्चीत बसली, ओठ जरा बाजूला केला की मिश्री कुठे दाबून बसवते ते मला विचारावं लागत नाही. तिथली हिरडी खाली उतरलेली असते, दाताचं पिवळट मूळ उघडं पडलेलं असतं आणि गालाच्या आत पांढुरकी, सुरकुतलेली कातडी असते. ती पांढरी जागा मला हलत्या दाढांपेक्षा जास्त काळजीची वाटते. तुम्ही उजेडात आरशासमोर गाल ओढून बघा. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तीन आठवडे न भरलेली जखम असेल, तर चतुर्थीची वाट बघू नका.

आता कवळी. शेजारीण मजेत आहे ना? मग तिला कर्लीसारखा काटेरी मासा खाताना बघा. वरची कवळी टाळू झाकते. एरवी जीभ टाळूला लावून आपण काटा बरोब्बर शोधून काढतो, कवळीखाली ते कळतच नाही. काटा घशात अडकून येणाऱ्यांत कवळीवाले हमखास असतात. खालच्या कवळीचं दुखणं निराळं. दात काढले की जबड्याचं हाड वर्षागणिक खचत जातं, तिला धरायला जागा उरत नाही आणि जिभेच्या प्रत्येक हालचालीला ती उचलली जाते. चावण्याची ताकद आपल्या दातांच्या जेमतेम चौथाई. ज्याचे दात गेलेच आहेत त्याला कवळी मोठा आधार आहे, मी रोज बसवते. पण टिकण्यासारखे दात उपटून ती मागून घेण्यात काय शहाणपण? शिवाय काढलेल्या जागा भरून यायला दोन-तीन महिने लागतात. मुलं ऋषीची भाजी खात असतील आणि यजमानीणबाई पेज पीत बसतील.

तेव्हा आधी एक्स-रे काढा, हाड किती उरलंय ते दिसेल. सोबत उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करा, ती ६.५ टक्के किंवा त्यावर आली तर मधुमेह धरतात. हिरडीचा आजार आणि मधुमेह एकमेकांना खतपाणी घालतात, एक हट्टाने बरा होत नसेल तर दुसऱ्याकडे बघावं. मग मुळांपर्यंत साफसफाई. त्यानंतर फटी जास्त दिसतील, दात अधिक सैल वाटतील आणि "साफ केल्याने दात हलले" असं तुम्ही गावभर सांगाल. फटी कीटणाने बुजलेल्या होत्या आणि सुजलेली हिरडी ओसरली, एवढंच त्यामागे असतं. कदाचित त्या दोन दाढा काढाव्या लागतील. बाकीचे दात वाचायची आशा आहे. जिल्हा रुग्णालयातही दंतविभाग असतो, त्यामुळे खर्चाचं कारण यजमानांनी पुढे करू नये.

मिश्री सुटत नाही हे ठाऊक आहे मला. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं निम्म्या बायका सांगतात. पहाटे उठल्यावर कोमट पाणी आणि चार पावलं चालणं यानेही पोट साफ होतं. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवण्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : देवगडला आमची कलमं आहेत. वय ५८. गार पाणी प्यायलो की दातांत कळ जाते, हापूसची फोडही सोसत नाही. मी दात अगदी निगुतीने घासतो, कडक ब्रश आणि लाल मंजन, दोन्ही वेळा. तरी असं का?

उत्तर : भाऊ, निगुतीनेच घात केलाय. दात आडवे, जोर लावून घासले की हिरडी मागे सरते आणि हिरडीलगत दाताला कोयत्याचा घाव बसावा तशी खाच पडते. नखाने चाचपून बघा, बहुधा सुळे आणि त्यामागच्या दातांवर नख अडकेल. लाल मंजनात गेरू असतो, तो पॉलिश पेपरचं काम करतो. वरचं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण मुळावर ते नसतंच, तिथला भाग मऊ असतो आणि थंडी थेट दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते.

त्यात तुम्ही बागायतदार. मार्चपासून कैरी तिखटमीठ लावून चाखत असाल आणि जेवणात सोलकढी हवीच. आंबटाने दाताचा पृष्ठभाग तात्पुरता मऊ पडतो, लगेच घासलंत तर तेवढा थर ब्रशबरोबर जातो. कैरी खा, मी कोण अडवणार? खाऊन झाल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा आणि अर्धा तास ब्रशला हात लावू नका. ब्रश मऊ घ्या, बोटांच्या चिमटीत धरा, मुठीत नको. हिरडीच्या कडेला तिरका टेकवून लहान गोल फिरवा. पेस्टवर फ्लोराइड सुमारे १००० पीपीएम लिहिलेलं बघा. पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट कळ कमी करते, पण दोन-चार आठवडे नेमाने लावली तरच. खाचा खोल असतील तर भरून घ्या, एका बैठकीत होतं. एकाच दाताला गरम लागून कळ येत असेल आणि ती रेंगाळत असेल तर प्रकरण वेगळं, तो दात आतून किडलेला असू शकतो.

प्रश्न : श्रीवर्धनला सुपारीची बाग आहे. वय ४४. केस पांढरे झाले, आणि वर्षभर तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते. बायको म्हणते, वयाने जीभ नाजूक होते. तंबाखूला कधी शिवलो नाही, फक्त घरची सुपारी दिवसभर तोंडात असते.

उत्तर : केसांचं सोडा. तोंड उघडा आणि आपली तीन बोटं एकावर एक, उभी, वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर गालाच्या आतली कातडी ताठ होत चालली आहे. हा सुपारीमुळे होणारा आजार आहे, त्याला तंबाखू लागत नाही, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. बागेवर घर चालतं हे मला समजतं. विका खुशाल, पण स्वतःच्या तोंडातली आजच थांबवा.

बोटं गेली तरी आग होते आहे, म्हणून याच आठवड्यात तोंड दाखवा. ताठ झालेली कातडी पूर्ववत होत नाही, मात्र सुपारी सुटली आणि तोंड उघडण्याचे व्यायाम लावून घेतले तर आहे ते तोंड टिकवता येतं. आणि दाखवायला जाताना गाडीत सुपारीचं खांड तोंडात टाकून येऊ नका. बरेच जण तसेच येतात, मग चूळ भरायला लावून मला दहा मिनिटं बसवून ठेवावं लागतं.