कॅफेत स्वतःची गाणी गातो, स्टेजसाठी कोणती अकूस्टिक गिटार घेऊ?

पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचा आवाज टिपून अँपकडे पाठवणारा भाग), म्हणजे दुकानदार जिला सेमी-अकूस्टिक म्हणतात तीच घ्या. नुसती छेडून पसंत करू नका. अँपला जोडा आणि सोबत गाऊन बघा. ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या रुंद खोक्याची गिटार, भरदार वाजते खरी, पण तिचा खर्ज गळ्यावर कुरघोडी करतो, वर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, जवळ असला की फीडबॅक, म्हणजे आवाज घुमून शिट्टी. गाणाऱ्याला त्याहून लहान खोक्याचा कॉन्सर्ट आकार बरा. यामाहाची एफएसएक्स ८००सी जरूर बघा, वरची फळी सॉलिड स्प्रूसची आहे. साउंडहोलचं, म्हणजे मधल्या गोल भोकाचं, रबरी झाकण मात्र लगेच घ्या, फीडबॅक बराच आटोक्यात येतो. आणि हो, वाजवून झालं की केबल काढा! बहुतेक गिटारींत केबल खोचलेली असेपर्यंत प्रीअँप (पिकअपचा आवाज वाढवणारं, बॅटरीवर चालणारं सर्किट) चालूच राहतो आणि बॅटरी ऐन कार्यक्रमात मान टाकते.