गालावर बर्फ चोळला आणि डाग पडला

प्रश्न: ताई नमस्कार, मी गंगापूर रोडला राहते, वय २४, सातपूरला जॉब. रोज स्कूटीवर जाणं-येणं, उन्हाने तोंड लालबुंद होतं, म्हणून रील बघून महिनाभर रोज घरी आल्या आल्या फ्रीझरमधला बर्फाचा खडा डायरेक्ट चेहऱ्यावर फिरवायचे, १०-१५ मिनिटं तरी, पोअर्स बंद होतात म्हणे. छान वाटायचं हो. पण मागच्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता उजव्या गालावर एकाच जागी धरून बसले, तिथे आधी लाल झालं आणि आता रुपयाएवढा तपकिरी डाग पडलाय. पुढच्या महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे, आई म्हणते लिंबू चोळ. चोळू का?

उत्तर: आईला माझा नमस्कार सांग, पण लिंबू नको. लिंबू लावून उन्हात गेलीस तर त्याच जागी अजून भाजेल.

झालंय काय तर तुला बर्फ पोळलाय. फ्रीझरमधून काढल्या काढल्या खडा उणे १५-१८ अंशाला असतो, ओल्या बोटाला कसा चिकटतो बघ, तोच तू गालाला लावलास. आपली सावळी कातडी भाजली, खरचटली, काहीही झालं की जाताना डाग ठेवून जाते. जातो तो, पण महिने लागतात, लग्नापर्यंत पूर्ण जाईल असं मी खोटं सांगणार नाही. साधं मॉइश्चरायझर लाव, घराबाहेर पडताना एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, दुपारी परत एकदा, आणि स्कार्फ तर आपल्याकडे पोरी बांधतातच. खपली धरली तर सोलू नको. फोड आला किंवा ती जागा बधिर वाटली तर स्किनच्या डॉक्टरांना दाखव.

पोअर्सचं म्हणशील तर त्यांना दारासारखी उघडझाप नसतेच, तिथे स्नायूच नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, सूज आणि लाली थोडा वेळ उतरते, त्यामुळे चेहरा घट्ट वाटतो आणि अर्ध्या तासात जैसे थे.

म्हणजे बर्फ वाईटच का, तर नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी डोळे सुजलेत, थ्रेडिंग करून आलीस, एखादी पुटकुळी ठणकतेय, तर खडा सुती रुमालात गुंडाळायचा, जरा पाणी सुटू द्यायचं आणि मिनिटभर हलवत हलवत लावायचा, बस. गार पाण्याची घडी ठेवलीस तरी तेवढंच काम होतं. थंडीने ज्यांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात त्यांनी मात्र लांबच राहावं. आणि ते वाटीभर बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचं फॅड, त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, घरात कोणाला हार्टचा त्रास असेल तर त्यांना करू देऊ नको.

(मागे एकीने द्राक्षाच्या रसाचे खडे करून लावू का विचारलेलं. नाशिकची द्राक्षं, बाई, खायची असतात!)

प्रश्न: वय ५२, पंचवटी. हनुवटीवर चामखीळ आहे, डॉक्टर म्हणाले गोठवून काढू. मग घरचाच बर्फ दाबून धरला तर जमेल का? पैसे वाचतील.

उत्तर: नाही जमणार दादा. ते वापरतात तो द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशाचा, काही सेकंदच मारतात आणि नेमका तेवढ्याच जागी. घरच्या बर्फाने चामखीळ जागेवरच राहील आणि शेजारची चांगली कातडी तेवढी पोळेल. उलट डॉक्टरांना एक विचारून घ्या, कारण त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थंडीने सगळ्यात आधी मरतात, उणे ५ च्या आसपासच, म्हणून गोठवल्यावर कधी कधी पांढरा ठिपका मागे राहतो. चेहऱ्यावर तो चालणार नसेल तर मशीनने जाळून काढता येईल का, तेही विचारा, डागाचा धोका त्यातही असतोच. आणि तोवर दाढी करताना त्या जागी ब्लेड फिरवू नका, नाहीतर एकाच्या चार होतील.