फवारणी ड्रोन: दंड कशाबद्दल, कैद कशाबद्दल?

दोन प्रश्न वारंवार येतात. भाड्याच्या ड्रोनने फवारणी केली आणि काही बिघडलं तर गुन्हा कोणावर? आणि शेजाऱ्याचा ड्रोन आपल्या बागेवर आला तर पाडायचा का?

दहा लिटर टाकीचा ड्रोन भरल्यावर साधारण 25 किलोच्या आत, म्हणजे ड्रोन नियम 2021 प्रमाणे 'लहान' वर्गात बसतो. त्याला नोंदणी क्रमांक, टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या मान्यतेचं प्रमाणपत्र) व थर्ड पार्टी विमा, आणि उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड. सुटे भाग आणून गावात जोडलेला ड्रोन इथेच अडकतो. टाइप सर्टिफिकेटशिवाय फवारणीसाठी तो चालत नाही. ही कागदं ड्रोनवाल्याने दाखवायची, तुम्ही इसार देण्याआधी बघायची.

कैदेचा प्रश्न वेगळा. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमात, कोणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असं जाणूनबुजून उडवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेफिकिरीने कोणाला गंभीर दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 125: तीन वर्षांपर्यंत कैद. पोलिसांचा ड्रोनबंदीचा आदेश मोडला तर कलम 223. ओझर विमानतळाजवळच्या द्राक्षपट्ट्यात उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडा. लाल पट्ट्यात केंद्राच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही.

खरी भांडणं मात्र वाऱ्यामुळे होतात. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी जातं, ड्रोनने दहाच. म्हणजे द्रावण कितीतरी कडक आणि थेंब बारीक. उसावरचं 2,4-डी हे तणनाशक वाऱ्याने शेजारच्या द्राक्षावर गेलं की कोवळी पानं पंख्यासारखी आकसतात, शिरा जवळ येतात. तणनाशक तुम्हीच आणून दिलं असेल तर 'ड्रोन भाड्याचा होता' एवढ्यावर सुटका होईल असं धरू नका. वारा शेजाऱ्याच्या बागेकडे असेल तर त्या दिवशी तणनाशक नकोच.

ड्रोन पाडू नका. गोफणीने पाडला तरी नुकसान एक लाखाच्या वर गेल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि फवारणीचा ड्रोन त्याहून महागच असतो. व्हिडिओ काढा, वेळ लिहून ठेवा, 112 ला कळवा. पिकाला इजा दिसली तर पानं खुडायच्या आधी तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पाहणी होईपर्यंत त्या ओळींवर दुसरं काही फवारू नका, नाहीतर इजा कोणत्या औषधाची हे ठरवता येत नाही.